आळंदच्या गच्चीवरचे चार वॅट

उमरग्यात गाडी बदलली की पुढे कुठेतरी दुकानांच्या पाट्या वाचता येईनाशा होतात. बोलणं मात्र तेच राहतं. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली बाई कंडक्टरशी कानडीत भांडली, फोनवर तिने मुलाला उर्दूत दटावलं आणि मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "तुमी लातूरचे दिसायलाव. कामून चाललाव आळंदला?" मी म्हटलं, काम आहे. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि स्वतःची पिशवी मांडीवर घेतली.

आपल्याकडचे लोक या भागात जातात ते बहुधा गाणगापूरला. मी गेलो ते दोन डिशचं भांडण सोडवायला. त्या निमित्ताने चार दिवस आळंद, कोहिनूर आणि गाणगापूर पाहणं झालं. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर मला कामून बोलावलं ते कळणार नाही. लातुरात माझं वजनकाटे दुरुस्त करण्याचं परवान्याचं दुकान आहे. काटा शून्यावर उभा दिसला तरी मी आधी पारड्याखाली हात घालून बघतो. कॉलेजात असताना हौशी बिनतारीचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना काढला होता, तो अजून चालू आहे. त्यामुळे तार असलेली किंवा नसलेली कुठलीही वस्तू बिघडली की नातेवाईक मला फोन करतात.

या वेळी फोन आला तो भाचीचा, प्रज्ञाचा. माझी मोठी बहीण विमलअक्का बसवकल्याण तालुक्यात कोहिनूरला दिलेली आहे. प्रज्ञा तिची मुलगी. हैदराबादची नोकरी सोडून ती गावी आली आणि तिने गावात इंटरनेट द्यायला सुरुवात केली. आळंदपर्यंत केबल येते. तिथे एका व्यापाऱ्याच्या गच्चीवर तिने डिश बसवली आणि दुसरी डिश कोहिनूरला घराच्या छपरावर. मध्ये तार नाही, नुसती हवा. नकाशावर पट्टी ठेवली तर पंचवीसेक किलोमीटर भरतात. गावातली शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि प्रज्ञाचं स्वतःचं सेवा केंद्र या एका धाग्यावर चालतं. सेवा केंद्रात म्हातारी माणसं पेन्शनसाठी मशीनवर अंगठा ठेवतात आणि तो अंगठा हवेतून आळंदला जातो. दिवाळीपासून तो धड जाईना झाला होता.

"त्याच गच्चीवर बिरप्पाची डिश हाय," प्रज्ञा फोनवर म्हणाली. "त्याची लिंक गाणगापूरला जाते, लॉजवाल्यांना. तो मुद्दाम पॉवर वाढवून आमचं दाबायलाय. अन् वर सेठला सांगतो की मीच त्याचं दाबायलेय. सेठ म्हनायलाय, सोमवारपर्यंत मिटवा, न्हाई तर दोन्ही डिश खाली."

आळंदमध्ये एवढी उंच दुसरी गच्ची नाही. डिश उतरली की कोहिनूरचा धागा तुटणार आणि प्रज्ञाला परत हैदराबाद गाठावं लागणार. ती तसं बोलली नाही, पण अक्काने मागून फोन घेऊन सांगितलं.

आळंद, शुक्रवार

सेठचं, म्हणजे गच्चीवाल्या व्यापाऱ्याचं, घर बाजारालगत आहे. तुरीचा हंगाम होता. खाली अंगणात तुरीचे ढीग आणि हवेत भुसा, त्याने माझे डोळे चुरचुरायला लागले. आपल्या लातूरच्या आडतीसारखाच कारभार आहे, फरक इतकाच की हमाल आकडे कानडीत ओरडतात. आकड्यांवर पोट असलेल्या माणसाला आकडेच कळू नयेत, याचं मला फार अस्वस्थ वाटलं. कोण कुणाला काय सांगतोय याची खातरी करता येत नव्हती.

प्रज्ञाने ओळख करून दिली. सेठ साठीचे, अंगात स्वेटर, कपाळाला विभूती.

"या सर," ते म्हणाले. "भाच्चीचे मामा. म्हंजे तिच्या बाजूचे."

"मी मोजायला आलोय. बाजू घ्यायला नाही."

"काटेवाले सगळे असंच म्हनतात. आमच्या बाजारात बी म्हनतात."

गच्चीवर चढताना माझा पाय जिन्यात सांडलेल्या तुरीवरून सरकला आणि गुडघा सडकून आपटला. सेठ खालून म्हणाले, "सावकाश. बिरप्पाचा मानूस बी तिथंच पडला व्हता." मी पडल्याचं त्यांना वाईट वाटलं की हिशेब बरोबर झाल्याचं बरं वाटलं, हे मला आवाजावरून सांगता आलं नाही.

वर दोन लोखंडी पाइप, दोन डिश, मध्ये चार-पाच पावलांचं अंतर. एक ईशान्येला कोहिनूरकडे, दुसरी दक्षिणेला गाणगापूरकडे. पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या भावंडांसारख्या. मी पिशवीतून सिग्नल मोजायचं छोटं यंत्र काढलं.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. परवाना न घेता कुणालाही वापरता येतात अशा काही लहरी सरकारने मोकळ्या ठेवल्या आहेत. पण मोकळ्या म्हणजे मोकाट नव्हे. या दोघांच्या डिश ज्या पट्ट्यात चालतात तिथे मर्यादा आहे चार वॅटची, आणि ती रेडिओतून किती निघतं यावर नाही, डिशच्या तोंडातून समोरच्या दिशेला किती जाऊन पडतं यावर आहे. डिश स्वतः काही निर्माण करत नाही. चहूकडे पसरलं असतं ते ती एका दिशेला गोळा करते. या दोघांच्या डिश एवढ्या मोठ्या होत्या की समोरच्या दिशेला हजारपट. म्हणजे रेडिओने फक्त चार मिलिवॅट द्यायचे. हजाराने गुणले की चार वॅट. मर्यादा भरली.

यंत्राचा आकडा पाहूनच कळलं की बिरप्पाचा रेडिओ चारावर नाही. डिशच्या मागच्या बाजूलाही जे गळतं तेवढ्यानेच माझं यंत्र भरून वाहत होतं. प्रज्ञा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मी म्हटलं न्हवतं, मामा?"

तेवढ्यात जिन्यातून एक गृहस्थ वर आले. काखेत लॅपटॉप, कमरेला पक्कड. हे अण्णाराव. प्रज्ञाच्या दोन्ही डिश त्यांनीच बसवलेल्या. त्यांनी मला नमस्कार केला, मग सहज बिरप्पाच्या डिशकडे गेले आणि तिचा एक नट आवळला.

"तुम्ही त्यांचंही काम करता?" मी विचारलं.

"करतो की. दोघांचं मीच बसिवलंय. सेठ दुसऱ्या कुनाला वर येऊ देत न्हाई."

मी प्रज्ञाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, दोन भांडणाऱ्यांचा एकच वकील आहे, हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस. ती म्हणाली, त्यात काय सांगायचं, इथं सगळ्यांचं अण्णारावच करतात. मला मात्र सगळं उलगडल्यासारखं वाटलं. भांडण पेटतं ठेवण्यात ज्याची रोजची कमाई आहे तो माणूस सापडला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

कोहिनूर, शनिवार

शुक्रवारी रात्रीच मी अक्काकडे मुक्कामाला आलो होतो. येळवस होऊन दोन दिवस झाले होते. आपल्याकडे लातूर भागात जशी अमावास्येला रानात जेवणं होतात तशीच इथेही होतात. नाव तेच, आंबील तीच. अक्काने माझ्यासाठी भज्जी राखून ठेवली होती. भज्जी म्हणजे तूर, वाल, वाटाणा आणि मिळेल ती भाजी बेसनात घोटून केलेली, शिळी झाली की जास्त चांगली लागते. आमच्या घरी तीत चिंच घालत नाहीत. अक्का आता घालते. तिने माहेरचं आणि सासरचं असं मिळून तिसरंच काहीतरी केलं आहे, आणि ते चांगलं आहे.

"आशोक, तू जेव आधी. मग बघ त्या डबड्याकडं," ती म्हणाली. तिचे गुडघे आता वर चढू देत नाहीत, म्हणून छपरावरच्या डिशला ती डबडं म्हणते.

गाव काळ्या रानातलं. छपरावर उभं राहिलं की तुरीची कापलेली खुंटं, मध्येच हरभऱ्याचा हिरवा चौकोन, आणि आळंदच्या दिशेला एक लांबट तांबडा उंचवटा. त्या उंचवट्याच्या डोक्यावरून धागा जातो. मी दुर्बीण लावून खातरी केली, वाटेत झाड किंवा टॉवर काही नव्हतं. म्हणजे वाट स्वच्छ.

मग प्रज्ञाच्या लॅपटॉपवर तिच्या स्वतःच्या रेडिओत शिरलो. कुणाचा काटा तपासायचा तर आधी घरचा.

तीनशे मिलिवॅट. आळंदचं टोक तीनशे, कोहिनूरचं टोक तीनशे. हजाराने गुणा. तीनशे वॅट. चारच्या जागी तीनशे. आणि वर 'देश' असा जो रकाना असतो त्यात भारत नव्हता, एका परदेशाचं नाव होतं. तिथले नियम असे आहेत की दोन टोकांच्या लिंकला एवढी आडकाठी नाही.

मी लॅपटॉप प्रज्ञाकडे फिरवला. प्रज्ञा ओठ चावत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"अण्णारावांनी केलं होतं. मी बघितलं होतं."

"अन् गप्प बसलीस."

"मामा, त्यानं वाढिवलं म्हनून मी वाढिवलं. अंगठा जाईना. रत्नाबाईला बसस्टँडापासून तीनदा चालवत आणलं मी. तिसऱ्या येळी ती म्हनली, माझं बोटच मेलंय का गं."

भाचीचा मला फार राग आला होता, पण तेवढ्यात अक्काने खालून बोलावलं. अण्णाराव आले होते. तिनेच बोलावून घेतलं होतं, कारण मी काल रात्रीच्या जेवणात त्यांच्याविषयी जे बोललो ते तिला आवडलं नव्हतं. म्हणाली, तोंडावर विचार.

मी तोंडावर विचारलं. देशाच्या रकान्यात परदेश कामून?

"त्या यादीत बघा सर," अण्णाराव शांतपणे म्हणाले. "कर्नाटक न्हाई, महाराष्ट्र न्हाई. आमी दोनी राज्याच्या मधले लोक. मग म्हनलं, जिथं जास्त पॉवर भेटायलीय ते घ्या. इंडिया घेतलं की आकडा खालीच उतरतोय."

"तो उतरण्यासाठीच आहे."

"तसं कुनी सांगितलं न्हाई."

"आणि बिरप्पाचा कुणी वाढवला?"

"मीच. प्रज्ञाताईनं सांगितलं की ताईचा वाढिवतो. बिरप्पाअण्णानं सांगितलं की अण्णाचा वाढिवतो."

"त्याचे किती घेता?"

अण्णारावांनी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "काय घेतोय. च्या पितो अन् जातो. आलेल्या मानसाला न्हाई म्हनायचं त्याला जमत न्हाई. म्हनून तर दोघांचा लाडका हाय."

म्हणजे मी ज्याला कमाई समजत होतो तो नुसता स्वभाव होता. मला ते पटायला वेळ लागला. अजूनही मी पैकीच्या पैकी पटलं असं म्हणणार नाही. पण हिशेब जुळत होता. आळंदच्या गच्चीवर प्रज्ञाच्या रेडिओचं तोंड बिरप्पाच्या रेडिओच्या कानाजवळ, आणि त्याचं तोंड हिच्या कानाजवळ. एकाने आवाज चढवला की दुसऱ्याला लांबून येणारं ऐकू येईना, म्हणून दुसऱ्याने चढवला. अण्णाराव दोघांनाही ओरडायला मदत करत होते, आणि दोघं बहिरे होत चालले होते.

दुपारी मी कागदावर लिंक मांडली. चार वॅट, पंचवीस किलोमीटर, समोर तेवढीच मोठी डिश. मर्यादा बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. मोठी डिश ऐकताना हजारपट करते त्याला कुणाचीच हरकत नाही. हिशेबाने कोहिनूरला सिग्नल यायला हवा उणे एकोणसत्तर. आज उणे पन्नास येत होता. या मोजणीत उणे जितकं मोठं तितकं क्षीण. पण गच्ची शांत असेल तर एकोणसत्तर भरपूर झालं. संध्याकाळी आम्ही आपली दोन्ही टोकं चारावर आणून पाहिली. सिग्नल हिशेबाप्रमाणे बरोबर एकोणसत्तरावर आला आणि अंगठा पूर्ण मेला, कारण आळंदला बिरप्पाचा गोंगाट पंच्याहत्तरावर उभा होता. आळंदहून कोहिनूरला येणारं येत होतं, कोहिनूरहून जाणारं त्या गोंगाटात बुडत होतं. पाच मिनिटांत शाळेच्या मास्तरांचा फोन आला. प्रज्ञाने निमूटपणे तीनशे परत केले. मी अडवलं नाही.

गाणगापूर, रविवार

बिरप्पाला मी एकट्याने भेटायचं ठरवलं. प्रज्ञा बरोबर असती तर दोघं पहिल्या वाक्यालाच भिडली असती. आळंदच्या स्टँडवर फलाटावरची पाटी वाचता येईना म्हणून एका गाडीवर 'गा' सारखं अक्षर दिसलं तीत चढलो. कंडक्टरने तिकीट फाडायच्या आधी विचारलं म्हणून बरं, ती गाडी कलबुर्गीला निघाली होती. उतरून योग्य गाडी धरेपर्यंत मधली एक निघून गेली.

गाणगापुरात उतरलो ते बारा वाजता. मधुकरीची वेळ. पुण्या-मुंबईकडची चांगल्या घरची माणसं, हातात घड्याळ, खांद्याला झोळी, घरोघरी भिक्षा मागत उभी होती. आमच्याकडे अशा माणसांना दारात उभं राहायची सवय नसते, दार उघडायची असते. मी त्या वाटेचा नाही, पण त्यांना संकोच वाटत नव्हता हे मी पाहिलं आणि मला ते बरं वाटलं. एक तरुण मात्र झोळी पुढे करतानाच दुसऱ्या हाताने लॉजचं भाडं फोनवरून भरू पाहत होता आणि ते जात नव्हतं. "नेटच नाही इथं," तो बायकोला म्हणाला. त्याचं नेट म्हणजे बिरप्पा.

बिरप्पा चाळिशीचा, धिप्पाड. धनगर घरचा, बाप मेंढरं राखायचा, आता घरची पाच एकर आणि लॉजमधला एक गाळा. गाळ्यात माझ्यासारखाच पसारा, तारा, पेट्या, डाग देण्याची बंदूक. मी नाव सांगितलं.

"व्हय, कळलं," तो म्हणाला. "काटेवाले मामा. सेठचा फोन आलता. म्हनला, मीटर घिऊन आलेत, संभाळ."

त्याने जेवायला घातलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, अंबाडीची आंबट भाजी, तिला तो पुंडी म्हणत होता. आमच्याकडे अंबाडीवर लसणाची फोडणी मुबलक असते, इथे तुरीची डाळ जास्त. मी जेवत होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. जेवण झाल्यावर म्हणाला, "आता बोला. तुमच्या पोरीचा किती हाय?"

खोटं बोलायची सोय नव्हती, सोमवारी गच्चीवर मीटर दोघांनी पाहिलं असतं. "तीनशे."

"माजा बी तीनशे. मग मला चोर म्हनायला आलाव व्हय एवढ्या लांब?"

"चारवर यायला सांगायला आलोय. दोघांनी."

"मी येतो हो चारवर. मी आलो अन् तिनं न्हाई आनलं तर? माजं कमी केलं तर मला काय फायदा? फायदा तिलाच. माज्या हातानं तिचं भलं, अन् माजं भलं तिच्या हातात."

हे अगदी बरोबर होतं. आदल्या संध्याकाळी आमची एकट्याची पॉवर उतरवून आम्ही जे पाहिलं होतं ते त्याने एका दमात सांगितलं. मीही त्याला तेच उलटं विचारलं. प्रज्ञाने कमी केलं आणि तू नाही केलंस तर? यावर तो हसला आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"यातली एक बी माजी न्हाई."

मला वाटलं थट्टा करतोय. तो सांगू लागला. त्यांच्या शेतात एक विहीर, दोन भावांच्या दोन मोटारी. उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली तेव्हा बापाने ठरवून दिलं. बिरप्पाच्या मोटारीच्या पेटीची किल्ली भावाकडे, भावाच्या पेटीची बिरप्पाकडे. ज्याला पाणी हवं त्याने दुसऱ्याच्या दारात जायचं. बाप गेला, किल्ल्या तशाच आहेत. आता आजूबाजूची चार-पाच घरंही तसंच करतात, त्यातल्या दोघांच्या किल्ल्याही याच्याकडे.

"आळंदच्या तुमच्या रेडिओचा पासवर्ड मी ठेवतो. माजा पोरीला द्या. तिला तिचा ठाऊक न्हाई, मला माजा ठाऊक न्हाई."

"म्हणजे तू मनात आणलं तर आमची लिंक बंद करू शकशील."

"ती बी माजी करू शकंल की."

मी त्याला हो म्हटलं नाही. प्रज्ञाला सांगतो म्हणालो, आणि परतीच्या गाडीत मनाशी ठरवलं की तिला हे करू द्यायचं नाही. दोघांनी विहिरीवर बरोबरीने पाणी उपसलं म्हणून गच्चीवरही उपसतील असं नाही. भाऊ होते ते. हा कोण?

पुन्हा आळंद, सोमवार

सेठच्या गच्चीवर आम्ही पाच जण. सेठ खुर्ची टाकून उन्हात बसले होते. अण्णाराव लॅपटॉप घेऊन खाली मांडी घालून. बिरप्पा आणि प्रज्ञा आपापल्या डिशला टेकून, एकमेकांकडे न बघता.

मी प्रज्ञाला सकाळीच सांगितलं होतं की पासवर्ड द्यायचा नाही. तिने ऐकून घेतलं होतं. आता बिरप्पाने पुन्हा तोच प्रस्ताव मांडला. मी म्हटलं, त्यापेक्षा पासवर्ड सेठकडे ठेवू, तिसऱ्या माणसाकडे.

"माज्याकडं नको बाबा," सेठ म्हणाले. "उद्या दोघं मिळून मलाच चोर म्हनाल."

प्रज्ञा बिरप्पाला म्हणाली, "अण्णा, तुमच्या भावानं कधी किल्ली द्यायला न्हाई म्हनलं का?"

"म्हनलं की. दोनदा."

"मग?"

"मग मी बी न्हाई दिली. दोघांचंबी वाळलं."

ती थोडी हसली. मग अण्णारावांना म्हणाली, "आधी माझं खाली घ्या."

मी म्हटलं, प्रज्ञा. ती म्हणाली, "मामा, कुनीतरी आधी करायलाच लागतंय."

अण्णारावांनी तिच्या दोन्ही टोकांचा देश बदलून भारत केला, पॉवर चार. प्रज्ञाच्या फोनवर लगेच कोहिनूरहून फोन सुरू झाले. तिने एकही उचलला नाही. बिरप्पा आपल्या फोनकडे बघत होता. त्याच्या लॉजवाल्यांचं आता चांगलं चाललं असणार, त्याच्या कानाजवळचं ओरडणं थांबलं होतं. तो तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. तो तिथे थांबेल असं मला वाटत होतं, आणि मी यंत्रावरून नजर काढली नाही.

"माजं बी घे रे," बिरप्पा म्हणाला.

यंत्रावरचा गोंगाट पंच्याहत्तरावरून खाली खाली जात ब्याण्णवावर थांबला. मी यंत्र ठोकून पाहिलं, बिघडलं की काय म्हणून. मग प्रज्ञाने अक्काला फोन लावला. अक्का रत्नाबाईला घेऊन सेवा केंद्रात बसली होती. फोनवर मशीनची टिंग ऐकू आली आणि मागून एका म्हातारीचा आवाज, "गेलं का? जित्तं हाय म्हना की बोट."

पासवर्ड बदलले गेले. बिरप्पाने प्रज्ञाच्या रेडिओला नवा घातला, प्रज्ञाने त्याच्या. दोघांनी टाइप करताना दुसऱ्याला पाठ फिरवायला लावली. सेठ म्हणाले, डिश राहू द्या, पन पुढच्या हंगामापर्यंत मी बघतोय. अण्णारावांना मी स्वच्छ सांगितलं की यापुढे कुणी पॉवर वाढवायला सांगितली तर नाही म्हणायचं. ते व्हय म्हणाले. ज्या सहजतेने म्हणाले त्याने माझी खातरी पटली नाही.

लातूर

परतल्यावर मी रोज प्रज्ञाला आकडा विचारत असे. रोज उणे एकोणसत्तर. मग माझ्या मुलीचा साखरपुडा आला. अक्काच्या गुडघ्यांमुळे तिला येता आलं नाही. तिने घरीच मोठ्या पडद्यावर पाहिला. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला, आवाज जरा वेगळा.

"मामा, काल दुपारी तासभर सिग्नल उणे पन्नास होता. मग आपोआप एकोणसत्तर झाला. आळंदचं टोक कुनीतरी वाढिवलं होतं."

आळंदचा पासवर्ड फक्त बिरप्पाकडे. माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. आमची पॉवर तोच वाढवणार, सेठला वर बोलावून मीटर लावणार, आणि म्हणणार, बघा, यांनी शब्द मोडला. गच्ची त्याची एकट्याची. मी प्रज्ञाला म्हटलं, हेच होणार होतं. आणि तिला काही कळू न देता त्याला फोन लावला.

"व्हय सर," बिरप्पा म्हणाला. "मीच केलतो."

"कामून?"

"अण्णाराव आलता. म्हनला, अक्काला भाच्चीचा साखरपुडा बघायचाय, पडद्यावर तोंडं अडकायलीत. त्यानं तुमचं नाव सांगून न्हाई म्हनलं व्हतं म्हनं तिला. मग माज्याकडं आला. मी म्हनलं, तासभर."

"त्या तासात तुझ्या लॉजवाल्यांचं काय झालं?"

"बोंबलत व्हते. वाऱ्यानं डिश हललीय म्हनलो."

"मला विचारायचं होतंस."

"तुमी न्हाई म्हनला असतां."

मी नाहीच म्हणालो असतो. तीनशे वॅट, चारच्या जागी. ते चूक होतं, आणि तसं मी त्याला सांगितलं. पुन्हा असं करू नकोस म्हणालो. तो व्हय म्हणाला, आणि लगेच त्याने विचारलं, "पोरीचं लगीन कवा हाय, सर?"

मी तारीख सांगितली. आणि त्या दिवशी लातूरला सहकुटुंब यायचं, असं बजावलं. तो इथे मांडवात जेवायला बसला असेल तर रेडिओला हात लावणार नाही, एवढीच खबरदारी.